ऐंशीतली की विसातली

अनंतराव वैरागडे नव्या राज्याची सगळी शेती सांभाळायचे, पण टेबलावर. घरी अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं असलं तरी ते "अवो, ऐकलं का" म्हणून विनोदिनीबाईंना हाक मारायचे, आणि पाणी घातलं गेल्याची खात्री खिडकीतून करून घ्यायचे. काम वेगळं आणि कामाची नोंद वेगळी, असं त्यांचं मत होतं. माणसानं जन्माला येताना देवाकडे नोंदीचीच बाजू मागून घ्यावी.

हे शहाणपण त्यांना वारशानं मिळालं होतं. आजोबांनी आर्वीकडे नांगर खाली ठेवला आणि रेल्वेचा कंदील उचलला, तो रायपूरला येऊनच टेकवला. वडील गुढियारीच्या मालधक्क्यावर बाबू होते. तांदळाची पोती वॅगनमध्ये चढताना दुरून बघायचे. अनंतरावांच्या पिढीला पोतं दिसायचीही गरज उरली नाही, पोत्याचा आकडा आला की भागायचं. आजोबांच्या हाताला माती, वडिलांच्या हाताला धुरळा, यांच्या हाताला शाई. वैरागड्यांचं घराणं मातीपासून असं पिढीगणिक वर चढत आलेलं.

छत्तीसगड झालं तेव्हा अनंतराव भोपाळला होते. राज्याची वाटणी झाली तशी कपाटांची झाली, खुर्च्यांची झाली, आणि वैरागडे रायपूरच्या वाट्याला आले. म्हणजे बूढापाऱ्यातल्या आपल्याच घरी. नव्या मंत्रालयाला जागा मिळाली ती जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. पूर्वी हाडं जोडायचे तिथं आता बजेट जोडत होते. अनंतरावांचं टेबल ज्या खोलीत होतं तिच्या भिंतीवर खाटांचे नंबर अजून पुसट दिसत, आणि कामाचा ताण वाढला की ते स्वतःशी म्हणत, आपली खाट नऊ नंबरची.

काम होतं राज्याच्या आर्थिक पाहणीचं. त्यातलं शेतीचं प्रकरण यांच्याकडे. साहेबांनी बजावून ठेवलं होतं, "वैरागडे जी, पहला वाक्य वही रखिए, कृषि हमारी अर्थव्यवस्था की रीढ़ है." हे वाक्य अनंतरावांनी भोपाळला इतकी वर्षं लिहिलं होतं की हात आपोआप चालायचा. शेतीला कणा म्हणायचं, आणि पुढच्या पानावर कण्याचा वाटा गेल्या वर्षीपेक्षा किती उतरला ते लिहायचं.

या जानेवारीत मात्र हात चालेना. कारण घरी निघालं होतं.

बुधवारी जेवताना अनुश्री म्हणाली, "बाबा, पराग भोयर. कॉलेजात सोबत होता माझ्या. मले त्याच्याशी लग्न करायचं आहे."

अनुश्री ही एकुलती एक. शेतीशास्त्रात एमएस्सी झालेली. तिनं ते शिक्षण घेतलं तेव्हा अनंतरावांनी हरकत घेतली नव्हती, कारण त्या शिक्षणाच्या टोकाला सरकारी खुर्ची असते असा त्यांचा हिशोब होता.

"भोयर," अनंतरावांनी नाव तोंडात घोळवलं. घर ऐकलेलं होतं, नातं जुळण्यासारखं होतं. "नोकरी कुठं आहे?"

"नाही."

"म्हणजे शेती आहे घरची, अन् नोकरी पाहून राहिला."

"नाही बाबा. बियाण्याच्या कंपनीत होता. सोडली. शेती करते आता. किरायाच्या जमिनीवर."

विनोदिनीबाईंचा वाढायचा हात वरणाच्या भांड्यातच थांबला.

इथं एक रिवाज सांगायला हवा. विदर्भातून येऊन रायपूर-भिलाईत रुजलेल्या मराठी घरांत मुलगा बघतात तेव्हा नोकरी तर बघतातच, पण शेती आहे का हेही हळूच विचारतात. शेती असलेली चांगली. गावाकडे दहा-बारा एकर असली की घराला वजन येतं. फक्त मुलगा ती करणारा नसावा. शेती असावी आणि करू नये, हा सोयरिकीचा सोन्याचा नियम. आणि हा भोयरांचा पोट्टा नेमका उलटा निघाला. याच्याकडे शेती नव्हती, आणि हा ती करत होता. म्हणजे जमेच्या बाजूला काही नाही, आणि खर्चाची बाजू उघडी.

"हे पाय पोट्टी," अनंतरावांनी ताट बाजूला सारलं. "तुले हिशोबानं सांगतो. आपल्या राज्यात शंभर माणसं धर. त्यातली ऐंशी शेतीवर. अन् राज्याची कमाई शंभर रुपये धर. त्यात शेतीचा वाटा मोटामोटी पंचवीस. समजलं? ऐंशी माणसं मिळून पंचवीस रुपये वाटून घेऊन राहिली, अन् उरलेली वीस माणसं पंचाहत्तर. आता तूच सांग, पोरगी ऐंशीत द्यावी की विसात?"

अनुश्रीला राग आला की ती हिंदीवर जायची. "बाबा, वो एवरेज है. मैं एवरेज से शादी नहीं कर रही."

"मराठीत बोल."

"मराठीत पण ॲव्हरेजच म्हणतात."

"जेवा आधी दोघंही," विनोदिनीबाई म्हणाल्या. "ऐंशी अन् वीस मिळून शंभर पोळ्या नाही केल्या मी."

भांडण तिथं थांबलं, पण मिटलं नाही. विनोदिनीबाईंनी दुसऱ्या दिवशी भिलाईला फोन लावला. ढोबळ्यांचा चारुदत्त. कारखान्यात इंजिनियर, क्वार्टर मिळालेलं, आणि गावाकडे बारा एकर, तीही बटईनं, म्हणजे वाट्यानं दुसऱ्याला कसायला दिलेली. नियमात चोख बसणारं स्थळ. पौष लागायच्या आत पाहून घ्या म्हणून रविवार ठरला. अनुश्रीला विचारलं नाही. सांगितलं.

"रविवारी लोक येऊन राहिले."

"मी नाही म्हटलं तर?"

"चहा द्यायले नाही म्हणणार का?" विनोदिनीबाई म्हणाल्या. "चहा तर वाटसरूलेही देतात."

अनंतरावांना खरं तर आता निवांत व्हायला हरकत नव्हती. त्यांचा मुद्दा पक्का होता, आकडे त्यांच्या बाजूचे, बायको त्यांच्या बाजूची, भिलाईवाले येत होते. पण त्यांना बसवेना. ऑफिसात ते ‘रीढ़’पर्यंत लिहायचे आणि उठून खिडकीशी जायचे. सकाळी बूढा तलावाला एक फेरी मारायचे, तिथं लोक थांबवून विचारत, "काय वैरागडे, आज दुसरी फेरी?" पोरीनं ‘एवरेज’ म्हटलं होतं ते त्यांना डाचत होतं. ते चूक नव्हतं, तेच तर दुखत होतं. सरासरीत माणूस नसतो हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. फक्त ते कोणी जेवणाच्या ताटावर म्हणून दाखवलं नव्हतं. हा पोट्टा सरासरीच्या वर आहे की खाली, एवढं बघितलं की झालं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. खाली असणारच. पण बघितलेलं बरं. पुरावा हाताशी राहतो.

शनिवारी सुट्टी होती. "सर्व्हेले चाललो," असं सांगून त्यांनी स्कूटर काढली.

"सुट्टीच्या दिवशी?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"नवं राज्य आहे," अनंतराव म्हणाले. त्या वर्षी या उत्तरावर कोणीच पुढे काही विचारत नसे.

खारून नदीचा पूल ओलांडून ते पाटणच्या वाटेला लागले. धान कधीच कापून झालं होतं, खळ्यांवर पैऱ्याचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग होते. आणि रस्त्याच्या कडेनं टमाटर. पोतं-दोन पोती नव्हे, ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी केलेली, लालभडक, जागोजाग. गाई तोंड घालून उभ्या होत्या आणि एकीलाही घाई नव्हती. अनंतरावांनी स्कूटर हळू केली. भाव पडला की टमाटर असं फेकतात हे त्यांनी वाचलं होतं. अशा बातमीचं कात्रण त्यांच्या फायलीत होतं. कात्रणाला वास नव्हता. इथं आंबूस वास सगळ्या रस्त्यावर बसला होता.

भोयरचं शेत विचारल्यावर एका बाईनं हात दाखवला, "हव, वो भाजीवाला बारी." ती तिकडची भाजीची वाडी. अनंतराव स्कूटर बांधावर लावून आत गेले. पंचविशीतला, उन्हानं रापलेला एक पोरगा चिखलाचे गमबूट घालून पाइपाचं तोंड बदलत होता.

"नमस्कार," अनंतराव म्हणाले. "सरकारकडून आलो. भाजीपाल्याचे आकडे घ्यायले. याची नोंद कुठं आहे?"

पोरानं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग एक रिकामं कॅरेट उलटं करून पुसलं. "बसा सर."

"नाही, ठीक आहे." बसणार कसे? समोर टमाटराचं वावर पसरलं होतं आणि प्रत्येक झाड लाल होऊन वाकलं होतं. इतकं पीक होतं, आणि एकही माणूस तोडत नव्हता. "किती निघालं यंदा?"

"निघालं भरपूर. तोडलं नाही."

"काहून?"

"तोडायची मजुरी टमाटरच्या भावापेक्षा जास्त पडून राहिली सर. तोडून नेलं तर घाटा वाढते. गुरुवारी ठरवलं, राहू द्यायचं. उद्या जनावरं सोडू."

अनंतरावांना मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं जरा वाईट वाटलं. ऐंशीतला तर ऐंशीतला, त्यातही तळाचा निघाला. वही काढून त्यांनी पेन टेकवलं, आणि पेन अडलं. झाडावर आहे ते पीक झालं की नाही? उत्पादन म्हणावं तर बाजारात गेलं नाही. नाही म्हणावं तर समोर लाल दिसत होतं.

"हे लिहू कसं?" ते स्वतःशीच बोलले, पण मोठ्यानं.

"तुम्ही काय लिहिता असं झालं तर?" पोरानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आमच्यापर्यंत येतच नाही असं," अनंतराव म्हणाले, आणि विषय बदलला. पलीकडच्या अर्ध्या वावरात बाया वाकून काही लावत होत्या. "त्या काय करून राहिल्या?"

"मिरचीचं रोप. अन् त्या कडेनं कारल्याचा मांडव. तोडणी बंद केली म्हणून बायांची मजुरी बंद नाही केली. या गावात टमाटर पडले की सगळेच बायांना घरी बसवतात, अन् मंग मिरचीच्या टायमाले बाया मिळत नाही. आमचं ठरलं आहे, पीक सोडू, बाया नाही सोडायच्या."

"तू ठरवलं?"

"छे. मी तर अजून दोन दिवस तोडत बसलो असतो. मले जीव जड जाते हो, पिकलेलं झाड सोडायले. भागीदारानं ठरवलं. म्हणे, रडायचं असन तर सावलीत बसून रड, पण त्याच्यापायी पैसे नको लावू."

अनंतरावांना हा भागीदार आवडला. असा माणूस आपल्या ऑफिसात असता तर, असंही त्यांना वाटून गेलं. "हुशार आहे. कोण आहे?"

पोरगा पाइपाकडे बघत म्हणाला, "निम्मं तिचं आहे सर. किराया निम्मा, घाटा निम्मा. रोज सकाळच्या पहिल्या बसनं येते, संध्याकाळी जाते. आज नाही आली. घरी पाहुण्यांची तयारी आहे म्हणे उद्याची."

अनंतरावांनी पेनाचं टोपण लावलं. मग काढलं. मग परत लावलं.

"काका," पराग भोयर म्हणाला, "आता तरी बसा."

आणि अनंतराव बसले. बुधवारपासून पहिल्यांदा, उलट्या कॅरेटवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"कधी ओळखलं मले?"

"तुम्ही विचारलं न, याची नोंद कुठं आहे म्हणून. अनुश्री रोज आल्या आल्या हेच विचारते."

बायांतली एक कंबर सरळ करून मोठ्यानं म्हणाली, "दीदी नइ आइस आज?" पराग म्हणाला, "काल आही." उद्या येईल. अनंतराव ते ऐकत बसले. तीन पिढ्या लागल्या होत्या वैरागड्यांना त्या मातीतून वर चढायला, आणि ही पोट्टी पहिल्या बसनं खाली उतरत होती. ऐंशीत द्यायची की विसात, हा प्रश्न त्यांनी घरात मोठ्या ऐटीत मांडला होता. कोणाला द्यायचं काही उरलंच नव्हतं. ती आधीच जाऊन बसली होती.

निघताना परागनं पिशवीभर टमाटर पुढे केले. सरकारी माणूस भेट घेत नाही, आणि वधूपित्यानं तर मुलाकडचं काही घेऊच नये. अनंतरावांनी दोन्ही बाजू तपासल्या. उद्या गाईच खाणार होत्या, म्हणून पिशवी घेतली.

घरी अनुश्री अंगणात बेसन-हळद लावलेलं तोंड वाळवत बसली होती. विनोदिनीबाई चिवड्यासाठी बाहेर गेलेल्या. अनंतरावांनी पिशवी तिच्यासमोर ठेवली. तिनं पिशवीत बघितलं, एक टमाटर हातात घेऊन दाबून पाहिलं, आणि जात ओळखली.

"तुम्ही गेले होते."

"तू मले सांगितलं काहून नाही?"

"रोज सांगत होते." बेसन वाळल्यामुळे तिला तोंड फार उघडता येत नव्हतं, त्यामुळे राग सगळा डोळ्यांत आला होता. "रोज म्हणत होते, बाबा, शेतात चालली. तुम्ही बाहेर सगळ्यायले सांगत होते, पोरगी प्रोजेक्टले जाते. मी कधी प्रोजेक्ट म्हटलं?"

अनंतरावांनी आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं. एमएस्सी झालेली मुलगी शेतात जाते म्हणजे अभ्यासाला, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. दुसरा रकानाच त्यांच्या डोक्यात नव्हता. राज्यभरच्या शेतात कोण राबतं याचा अंदाज बांधणाऱ्या माणसानं घरातल्या एका माणसाची नोंद चुकीच्या खान्यात टाकली होती, आणि वर्षभर त्यावर सही करत राहिला होता.

"घाटा आहे यंदा," ते म्हणाले.

"हव."

"मंग?"

"मंग काय? मिरची."

"मिरचीचा भाव पडला तर?"

"तर पडला." तिनं हातातलं टमाटर पिशवीत परत ठेवलं. "बाबा, मले नाही माहीत. भीती वाटते. पण तुमच्या ऑफिसात बसून वाटली असती त्याच्यापेक्षा कमी वाटते."

अनंतराव येरझारा घालू लागले. तुळशीपाशी जाऊन परत, तुळशीपाशी जाऊन परत. पोरगी काय बोलली ते त्यांना नीट कळलं होतं आणि अजिबात पटलं नव्हतं. भीतीचं असं वजन करून सांगतात का कोणी? भाव पडेल, पाऊस येणार नाही, पराग आजारी पडेल, किरायाची जमीन मालक काढून घेईल. त्यांना एकामागून एक सुचत गेलं, आणि प्रत्येक गोष्ट खरी होती.

"उद्या चहा दे," शेवटी ते म्हणाले. "बाकी बोलू नको. आम्ही पाहू."

"अन् त्यायनं विचारलं, मुलगी काय करते, तर?"

"आई सांगन काही."

अनुश्रीनं तोंड धुवायला नळ सोडला. पाणी पडायला लागल्यावर तिनं काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. बरंच झालं.

रविवारी ढोबळे वेळेआधी आले. मारोतराव ढोबळे म्हणजे सोफ्याच्या दोन जागा घेणारा गृहस्थ. सुशीलाबाई बारीक आणि बारकाईनं बघणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या पडदे, फ्रीज आणि विनोदिनीबाईंच्या बांगड्या बघून घेतल्या. चारुदत्त शांत होता. नवे बूट दारात काढताना त्यानं ते भिंतीशी सरळ लावून ठेवले, आणि अनंतरावांना ते आवडलं. सगळंच आवडण्यासारखं होतं. म्हणून तर त्यांना खुर्चीत चैन पडेना.

"तुम्ही शेतीचं पाहता म्हणे मंत्रालयात," मारोतराव पोह्यांची बशी घेत म्हणाले. "शेती म्हणजे आपल्या देशाचा कणा, बरं का वैरागडे. शेतकरी नसता तर आपण खाल्लं काय असतं? आमची बारा एकर आहे. बटईवाला पाहते. मी तर तिकडं गेलोच नाही किती वर्षं. पण आहे."

"हो," अनंतराव म्हणाले. एवढ्या वर्षांत आपण लिहिलेलं वाक्य समोरच्या माणसाच्या तोंडून, पोह्यांबरोबर चावताना, त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

अनुश्री चहा घेऊन आली. ठेवला, बसली. सुशीलाबाईंनी तिचे हात बघितले. हातांवर बघण्यासारखं होतं, नखांच्या कडांना टमाटराच्या झाडाचा हिरवट काळा डाग अजून होता. बेसनानं तो निघाला नव्हता.

"मुलगी काय करते सध्या?" सुशीलाबाईंनी विनोदिनीबाईंना विचारलं.

"काही नाही करत," विनोदिनीबाई हसून म्हणाल्या. "एमएस्सी झाली, आता घरीच असते."

सोयरिकीच्या बोलण्यात याहून चांगलं उत्तर नाही. शिकलेली आहे, आणि काही करत नाही. सुशीलाबाईंचा चेहरा सैल झाला. मारोतरावांनी पोह्यांचा दुसरा घास घेतला. सगळं मार्गी लागत होतं. फक्त अनंतराव खुर्चीत पुढे सरकले, मागे सरकले, परत पुढे आले. चुकीची नोंद समोर दिसली की त्यांच्या दातांत खडा आल्यासारखं व्हायचं. भोपाळला असताना त्यांनी एकदा साहेबांच्या भाषणातली बेरीज भर सभेत दुरुस्त केली होती आणि त्यापायी बढती दोन वर्षं मागे गेली होती. त्यांनी पोरीकडे बघितलं. ती कपाकडे बघत होती. बोलू नको म्हटलं होतं, ती बोलत नव्हती.

"नाही," अनंतराव म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"घरी नसते. शेती करते."

मारोतराव आनंदले. "वा! शेती आहे तुमची? सांगितलं नाही हे तुम्ही फोनवर! किती एकर?"

"शेती नाही आमची. ती करते."

"म्हणजे कोणाची?"

"किरायाची."

मारोतरावांचं चावणं थांबलं. विनोदिनीबाई नवऱ्याकडे अशा बघत होत्या की ते बघणं अनंतरावांना महिनाभर पुरलं असतं.

सुशीलाबाई समजूतदार होत्या. त्यांनी वाट काढून दिली. "हौस असन. आजकाल पोरींना असते. कुंड्या-बिंड्या."

"हौस नाही," अनंतराव म्हणाले. आता थांबता येत नव्हतं, उतारावरच्या स्कूटरसारखं झालं होतं. "यंदा घाटा आला आहे. हौसेत खर्च येते, घाटा नाही येत. घाटा धंद्यातच येते."

"टमाटर का?" चारुदत्तनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "आमच्याकडे हफ्ताभर लोक फुकट वाटून राहिले."

"हव, त्यात आमचेही असतील," अनुश्री म्हणाली. "सुरुवातीचे भिलाईलेच गेले होते."

चारुदत्त हसला. मनापासून हसला, आणि आईनं बघितल्यावर हसू चहाच्या कपात लपवलं.

"बरं, ते ठीक आहे," मारोतराव म्हणाले. त्यांचा आवाज आता कामाचा झाला होता. "लग्नानंतर सोडून देईन न ती?"

प्रश्न त्यांनी अनंतरावांना विचारला होता. मुलीबद्दलचे प्रश्न बापालाच विचारतात. एक ‘हो’ म्हटलं असतं तर अजूनही जमलं असतं. बारा एकर, क्वार्टर, भिंतीशी सरळ लावलेले बूट. आणि पोरगी विसात. अनंतरावांना तो ‘हो’ जिभेवर आलेलाही जाणवला.

"हे मले माहीत नाही," ते म्हणाले. "तिलेच विचारा. काम तिचं आहे."

"नाही सोडणार, काका," अनुश्री म्हणाली.

ढोबळ्यांनी चहा पूर्ण घेतला. चांगली माणसं होती. उठताना मारोतराव म्हणाले, "फोन करतो." आणि सुशीलाबाई म्हणाल्या, "चिवडा छान झाला होता." दोन्हींचा अर्थ रायपूर-भिलाईतल्या कुठल्याही मुलीच्या आईला कळतो.

दार लागल्यावर विनोदिनीबाईंनी बशा गोळा केल्या. एकही बशी आपटली नाही, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे अनंतरावांना समजलं.

"मी होकार नाही दिला त्या पोट्ट्याले," ते घाईनं म्हणाले. "मी फक्त चूक दुरुस्त केली. घरी नसते तर घरी असते कसं म्हणायचं?"

"तुम्हाले कसं माहीत शेती करते म्हणून?"

अनंतराव खिडकीशी गेले.

"काल सर्व्हेले गेले होते न तुम्ही?" विनोदिनीबाईंनी बशा खाली ठेवल्या. "ते टमाटर रस्त्यावर मिळाले म्हणे! रस्त्यावरचे टमाटर असे एकसारखे असतात का? एकटेच पाहून आले. पोट्टी माही नाही का? मी काय नुसते पोहे कराले आहे?"

"अवो, मी पाहायले नव्हतो गेलो, मी तर..."

"कसा आहे?"

अनंतरावांनी विचार केला. "गमबूट घालते. झाड सोडायले जीव जड जाते म्हणे त्याले."

"अन्?"

"अन् हिशोबात कच्चा आहे."

"ते तर बरं आहे," विनोदिनीबाई म्हणाल्या. "घरात एक पुरे होते." त्या अनुश्रीकडे वळल्या. "पौष लागायले दोन दिवस आहेत. त्याच्या मायबापाले अन् त्याले बोलाव. हो की नाही ते मी पाहिल्यावर सांगन. तुझ्या बाबांच्या पाहण्यावर मी पोरगी देत नाही."

अनुश्रीनं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि आणखी काही बोलून बसतात म्हणून पटकन फोनकडे गेली. परागच्या घरापासून दोन घरं पलीकडे एका दुकानात फोन होता, तिथं निरोप द्यायचा. तिनं नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली.

अनंतराव खोलीभर फिरत होते. भाव पडेल. जमीन जाईल. पोरगी उन्हात काळी होईल, दमेल, परत येऊन म्हणेल, बाबा, तुमचं बरोबर होतं. आणि ते बरोबर ठरणं त्यांना नको होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपला आकडा चुकावासा वाटत होता.

"बसा ना," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"उचलत काहून नाही कोणी?"

"संध्याकाळ आहे. दुकानात गर्दी असन." अनुश्रीनं रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला. मग हळूच खाली ठेवला. "सकाळी बघू. पहिल्या बसनं जाईनच मी."

"सकाळी कायले?" अनंतराव फोनपाशी येऊन उभे राहिले. "परत लाव."